गप्प कोपरा

१

जेवून, हात पुसत आम्ही परत आत आलो, तर मधली भिंत रिकामी होती. वरची लाकडी पट्टी तेवढी जागेवर होती. चादर नव्हती.

समरा दारातच थांबली. "चादर?" एवढंच म्हणाली. 

खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं, बरं झालं. मग आलं, आता आळ माझ्यावर येणार. पोरीची दया त्यानंतर आली. हा क्रम काही शोभेसा नाही, पण तो असाच होता.

मी सिद्धलिंग हत्तुरे. सोलापुरातल्या एका शाळेत पोरांना चित्रकला शिकवता शिकवता केस पांढरे झाले. आमच्या काळी चित्र आपणच काढायचो, आपणच फ्रेम करायचो आणि आपणच खिळा ठोकायचो. आता मध्ये क्युरेटर आलाय. प्रदर्शनात कुणाला घ्यायचं, कुणाला कुठं टांगायचं, उजेड कुठून पाडायचा, हे सगळं तो ठरवतो. वर भिंतीवर फलक लिहून तुमच्या चित्राचा अर्थही तोच सांगतो. तुमचा अर्थ तुम्ही घरी ठेवायचा.

आमची क्युरेटर अपेक्षा. सोलापूरचीच पोर, बडोद्याला शिकली, वर्षभर परदेशात राहून आली. बंद गिरणीचं एक गोडाऊन एका ट्रस्टनं रंगवून कलादालन केलं, आणि त्यातलं पहिलं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे आलं. तिनं माझं तलावाचं चित्र घेतलं खरं, पण टांगलं कुठं? बाथरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी! आणि मधली मोठी भिंत दिली समराला.

समरा आरिफ ट्रकवाल्याची मुलगी. शाळेत माझीच विद्यार्थिनी. तिच्या हातात पहिली जाड पेन्सिल मी दिली. पण फलकावर लिहिलं होतं, 'समराचा शोध अपेक्षा यांनी घेतला.' तो फलक वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. शोध घ्यायला ती काय हरवली होती?

समरानं मांडली होती आपल्या आजीची, सुगराबीची, जुनी सोलापुरी चादर. बाई त्याच चादरीवर वर्षानुवर्षं निजली. खांदा, कंबर, गुडघा, टाच जिथं टेकायची, तिथं चादर विरून जाळी झाली होती. समरानं त्या जाळ्यांच्या कडा लाल दोऱ्यानं बांधून घेतल्या. अपेक्षानं ती भिंतीपासून हातभर पुढं टांगली आणि मागून दिवा सोडला. दिवा लागला की विरलेल्या जागांतून उजेड जमिनीवर पडायचा आणि तिथं कुशीवर झोपलेली एक बाई दिसायची. मी नाक मुरडलं, पण पाहताना अंगावर काटा आला होता.

संध्याकाळी पाचला दिल्लीच्या बाई येणार होत्या. त्याही क्युरेटर, पण फार मोठ्या. इथलं एक काम त्या दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी नेणार होत्या. समराचं नाव जवळजवळ ठरलं होतं, पण त्यांनी बजावलं होतं, चादर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द देणार नाही. चादर नसेल तर दुसरा नंबर पृथ्वीराजचा, उजव्या अंगाला काम मांडलेल्या तरुण पोराचा.

आणि सकाळीच, सगळ्यांच्या देखत, मी ओरडलो होतो, "त्या चादरीचं बोचकं करून मी स्वतः तलावात टाकून येतो!"

आता सगळे माझ्याकडेच बघत होते.

२

"गेट बंद," चन्नम्मा मॅडम म्हणाल्या.

चन्नम्मा मूळच्या दुधनीच्या, रिटायर्ड फौजदार. या गोडाऊनच्या सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. बांधा बुटका, आवाज शांत. बोलताना मधूनच कानडी डोकावायचं.

"पोलीस नकोत, मॅडम," अपेक्षा घाईनं म्हणाली. "पेपरात आलं तर पहिल्याच प्रदर्शनाचं वाटोळं होईल. पाचच्या आत मिळाली तर बघा. नाही मिळाली तर मी बाईंना सांगेन काय सांगायचं ते."

"कॅमेरे?" मी विचारलं.

"बसवलेत की. वायर जोडायची राहिली," चन्नम्मा म्हणाल्या. "पण सर, मी गेटवरच जेवत होते. बोचकं घेऊन कुणी बाहेर गेलं न्हाय. पिशवीबी न्हाय. चादर हितंच हाय."

आधी चन्नम्मा रिकाम्या पट्टीखाली गुडघ्यावर बसल्या. फरशीवरून तळवा फिरवला, तळवा उजेडात धरून पाहिला आणि पदराला पुसला. "साफ हाय," एवढंच म्हणाल्या.

मग शोध सुरू झाला. कपाटं उघडली. टेबलांखाली पाहिलं. ऑफिसातले खण, पुठ्ठ्याची खोकी, चहावाल्याची पेटी, माझी झोळी, पृथ्वीराजची सॅक, नातीचं काम बघायला आलेल्या सुगराबीची प्लॅस्टिकची पिशवी, सगळं उपसलं. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या नव्या चादरींचा गठ्ठा होता, त्यातली प्रत्येक घडी उलगडून पाहिली. मी तर माझ्या तलावाच्या चित्रामागंही हात घालून पाहिला, कारण लोक तिथं पाहणारच होते. बाथरूमची पाण्याची टाकीसुद्धा सोडली नाही.

चादर नाही.

आणि हे सगळं चालू असताना तो आवाज! पृथ्वीराजच्या कामाचा. कापड गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या असतात ना, त्या त्यानं भंगारवाल्यांकडून गोळा करून आणल्या होत्या. काही मनगटाएवढ्या बारीक, काही ड्रेनेजच्या पायपाएवढ्या जाड, माणसापेक्षा उंच. दालनाच्या उजव्या अंगाला त्या दाट उभ्या केल्या होत्या, आणि जाड नळ्यांच्या बुडाशी स्पीकर ठेवून त्यातून यंत्रमागाचा आवाज सोडला होता. खटाखट, खटाखट, दिवसभर. सकाळी माझं डोकं उठलं होतं. दुपारनंतर त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसलो तर जरा बरं वाटलं. म्हटलं, झाली सवय कानांना.

समरा माझ्या शेजारी येऊन बसली. "सर, खरं सांगा. तुम्ही नाही ना घेतली?"

मला राग यायला हवा होता. पण तिचे डोळे पाहून मी नुसती मान हलवली. "अगं, बोललो ते तोंडानं."

"आज नाही दिसली तर बाई परत नाही यायच्या, सर. मी दुसरी चादर करू शकत नाही. दादीची रात्र न् रात्र आहे त्यात."

तेवढ्यात चन्नम्मांनी बोट केलं. माझ्याकडे नव्हे. सुगराबीकडे.

३

"आजी, जेवायच्या वक्ताला तुमी आत कशाला गेलता?"

"चादर देखने को गई थी मैं," सुगराबी म्हणाली. "मेरीच चादर. मैं कायकू चोरूं?"

"देखी?"

"हौ. टंगी हुई थी. पंखे के नीचे." मग माझ्याकडे वळून मराठीत सुरू झाली. "मास्तर, तुमीच सांगा. माझी अंगाखालची चादर लोकांसमोर टांगली. मला लाज न्हाय वाटणार? मी पोरीला म्हनले, नक्को. पोरगी रडली. मग म्हनले, ले जा. दिलेली चीज मी परत चोरनार?"

"म्हणजे तुमाला ती परत पायजे होती," चन्नम्मा म्हणाल्या.

"पायजे तर होतीच की. नवी चादर टोचती मला."

हे ऐकून समराचा चेहरा उतरला. दादीवर संशय घ्यावा असं तिला वाटत नव्हतं आणि घेऊ नये असंही वाटत नव्हतं. मला मात्र जरा हायसं वाटलं. संशय दुसरीकडे गेला की माणूस लगेच उदार होतो.

"अन् तुमी पृथ्वीराज? सगळ्यात मागनं जेवायला आलात."

पृथ्वीराज केम गावचा. रांगडा गडी, पण बोलताना खाली बघणारा. "व्हय. स्पीकर तपासत हुतो," तो म्हणाला. "मॅडम, खोटं कशाला बोलू, लई जळत हुतो मी. भंगाराच्या दुकानांतनं नळ्या वेचता वेचता हात फाटले माझे. अन् मधली भिंत कुणाला? घरातनं उचलून आणलेल्या चादरीला! रात्री झोप लागंना. पण म्हणून चोरी करीन का मी?"

"चादर गेली तर दिल्लीला तुमी जाणार."

"म्हणून तर सगळे माझ्याकडंच बघत्यात." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो वायरमनला हाका मारायला लागला. "ए दादा! जरा हिकडं ये. त्या कोपऱ्यातल्या नळीचा आवाज बसलाय. जेवणाआधी ठणठणीत हुता. काय झालं बघ की."

वायरमन टेस्टर घेऊन आला. नळीला हात लावणार, तेवढ्यात अपेक्षा पलीकडून चालत आली.

"राहू दे. हात नका लावू," ती म्हणाली. डोळे मिटून ती क्षणभर ऐकत उभी राहिली. "पृथ्वीराज, ऐक. सगळीकडे माग चालू आहे, आणि हा एक कोपरा गप्प. बंद पडलेला माग. याला अर्थ आहे. असाच ठेव."

पृथ्वीराजनं ऐकलं. वायरमननंही ऐकलं. मीसुद्धा मान डोलावली आणि वर स्वतःवरच चिडलो. बिघाडाला अर्थ चिकटवायचा आणि आम्ही माना डोलवायच्या! आम्ही रेघ मारून मेलो तरी अर्थ येत नाही, आणि हिनं नुसतं 'राहू दे' म्हटलं की झाली कला.

"मॅडम," चन्नम्मांनी तिला विचारलं, "जेवणाच्या वक्ताला तुमी कुटं होता?"

"ऑफिसात. फोनवर. मी जेवलेच नाही."

"कुणाशी बोलत होता?"

अपेक्षा हसली. "आज मला कुणाचे फोन येत नाहीत, मॅडम. मीच लावत होते. कुणी उचलत नव्हतं."

तिचं ते हसू मला बरं वाटलं नाही.

४

"सर, तुमी चित्रकार. जरा नकाशा काढा बघू दालनाचा," चन्नम्मा म्हणाल्या. "कोण कुटं होतं ते मला मांडून बघायचंय."

मी अपेक्षाकडे बटर पेपर मागितला. तो पातळ दुधी कागद माझ्या फार आवडीचा. सकाळी तिच्या टेबलावर मांडीएवढा जाड गुंडाळा होता, नवाकोरा.

"संपला, सर."

संपला! मला द्यायचा म्हटला की संपला. मी काही बोललो नाही. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढला आणि चन्नम्मांना देताना कुरकुरलो, "बघितलंत? कागदाचा एक ताव सुटत नाही हातून. पहिल्यापासून अशीच. परवा समरानं चादर पिशवीत घडी घालून आणली, तर ही किंचाळली. म्हणे कापडाला घडी घालायची नाही, घडीवर धागा तुटतो. पांढरे हातमोजे काय घातले, नळीवर गुंडाळली काय! सोलापुरात राहून चादरीची घडी घालू नका म्हणणारी ही पहिलीच."

चन्नम्मा नकाशा बघत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष आहे असं वाटलं नाही.

त्यांनी समराला जवळ बोलावलं. "पोरी, दिल्लीच्या बाईंचं बोलणं कुणामार्फत व्हायचं?"

"आधी अपेक्षा मॅडममार्फत. आज सकाळी बाईंनी पहिल्यांदाच मला थेट फोन केला." एवढ्या दुःखातही तिचा चेहरा उजळला. "म्हणाल्या, तिकडे चादर वेगळ्या प्रकारे टांगू. फलकही त्याच नव्यानं लिहिणार, त्यांच्या नावानं. मी लगेच धावत जाऊन मॅडमना सांगितलं."

"मॅडम काय बोलल्या?"

"छान म्हणाल्या. मला मिठी मारली."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. पौष जवळ आलेला, गोडाऊनच्या फरशीतून गारठा वर यायचा. सुगराबी कुडकुडायला लागली. चन्नम्मांनी सत्काराच्या गठ्ठ्यातली एक नवी चादर काढून तिच्या खांद्यावर घातली. सुगराबीनं ती क्षणभर सोसली आणि "टोचती" म्हणून बाजूला ठेवली.

मी ती उचलली. दोन टोकं हनुवटीखाली धरली, हात पसरले, टोकाला टोक जुळवलं, मधे दुमडली, पुन्हा दुमडली आणि गठ्ठ्यावर ठेवून दिली.

"सर," चन्नम्मा एकदम म्हणाल्या. "आता काय केलंत तुमी?"

"काय केलं? घडी घातली."

"कुणी सांगितली होती?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? चादर हातात आली की—" मी थांबलो.

चन्नम्मा ताडकन उठल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून चुकीची वस्तू शोधली की!"

५

"ऐका," त्या म्हणाल्या. सगळे जमले होते. "सोलापूरच्या माणसाला चादर शोधायला सांगितली की तो काय शोधतो? घडी. न्हायतर बोचकं. कपाट, खण, पेटी, पिशवी, जिथं घडी मावंल तिथं आपण हात घातला. पण चादरीची घडी घातलीच नसंल तर? नळीवर गुंडाळलेली असंल तर? मग ती कपाटात न्हाय मावणार. तिला उंच, उभी जागा लागंल."

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी उजवीकडे पाहिलं.

नळ्यांचं रान खटाखट वाजत होतं. एक कोपरा सोडून.

चन्नम्मा सरळ त्या कोपऱ्यात गेल्या. जाड नळीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि टोपी काढावी तशी ती वर उचलली. पुठ्ठाच तो, सहज निघाला. आत स्पीकरवर एक बारीक नळी उभी होती. तिच्यावर गुंडाळलेली, दुधी बटर पेपरात नीट लपेटलेली, सुगराबीची चादर.

समरानं धावत जाऊन तिला कवटाळलं.

"पृथ्वीराज!" मी ओरडलो. तोंडातून निघूनच गेलं. "तुझ्याच नळीत?"

पृथ्वीराज पांढराफटक पडला. "सर, आईची शपथ—"

"शपथ नको," चन्नम्मा म्हणाल्या. "वायरमनला बोलावलं कुणी? ह्यानंच. जिथं चोरीची चीज लपवली तिथंच कुणी माणूस बोलावून दाखवतं का, की हितं आवाज बसलाय, बघा? ह्याला ठाऊकच नव्हतं आत काय हाय. आजीनं घेतली असती तर घडी घालून पिशवीत टाकली असती. सरांनी घेतली असती तर बोचकं केलं असतं, ते तर सकाळीच बोलले." मी खाली पाहिलं. "चादर एवढी विरलेली. ओढून काढली असती, चुरगळली असती, तर खाली धागे पडले असते, तूस पडलं असतं. फरशी साफ होती. म्हणजे कुणीतरी जिवाला जपावं तशी काढली. कागद पसरून, त्यावर आडवी घेऊन, हळूहळू गुंडाळली. दुश्मनानं अशी काढली नसती."

आता त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"सकाळी जाड गुंडाळा होता कागदाचा. दुपारी संपला. सरांना वाटलं कंजूषपणा. मला वाटलं, एवढा कागद कशाला गेला? अन् वायरमन नळी उघडणार होता, तवा राहू दे कुणी म्हटलं?"

अपेक्षा टेबलाला टेकून उभी होती. तिनं नाही म्हटलं नाही. ती समराच्या हातातल्या गुंडाळीकडे बघत होती.

"मॅडम?" समरा म्हणाली. तिला ते पटत नव्हतं. "तुम्ही?"

"दोन वर्षं, समरा," अपेक्षा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तू बाजारातल्यासारखी फुलं रंगवत होतीस. रंग सोड म्हणून मी सांगितलं. तुझ्या घरी चहा पिताना ती चादर मी पाहिली. तू ती माझ्या खाली अंथरली होतीस, बसायला. मी उठले आणि म्हटलं, हे बघ, हे तुझं काम. दिवा मागे लावायचा, हे मला सुचलं. आणि आज ती बाई तुला फोन करते, माझं नावसुद्धा घेत नाही. तिकडे फलक तिचा. उद्या सगळे म्हणणार, समराला दिल्लीनं शोधलं." तिनं टेबलावरचे हातमोजे उचलले आणि परत ठेवले. "मला ती दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर बघवत नव्हती. बाई परत गेल्या की मी ती बाहेर काढणार होते. पुढच्या वर्षी मीच मांडली असती, मोठी. फाडली नसती. तेवढं तरी खरं मान."

"आणि मी?" समरानं विचारलं. "मी एक वर्ष काय म्हणत बसले असते? की दादीनं चोरली?"

अपेक्षानं मान खाली घातली.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मनातल्या मनात कितीदा मी तिला असं खाली मान घातलेली पाहिलं होतं. पण तिचं ते 'दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर' माझ्या जिव्हारी लागलं. पहिली पेन्सिल मी दिली, हे मी दिवसभर किती जणांना ऐकवलं होतं! तिचा फलक पाहून माझ्या पोटात जे दुखलं होतं, तेच तिच्या पोटात दिल्लीचा फोन ऐकून दुखलं होतं. फरक एवढाच, की मी नुसता बडबडलो.

पाच वाजत आले होते. गेटबाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

"टांगा लवकर," पृथ्वीराज म्हणाला आणि पट्टीला हात घातला. पण गुंडाळीकडे बघून थबकला. जाळ्या एवढ्या नाजूक, कुठं धरावं तेच कळेना. मी पुढं झालो आणि मीही मागं सरलो.

समरा अपेक्षासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हीच टांगा," ती म्हणाली.

अपेक्षानं हातमोजे घातले. आम्ही सगळे बघत उभे होतो. तिनं कागद टेबलावर पसरला, त्यावर गुंडाळी ठेवली आणि वीत वीत करून उलगडली. पट्टीला कड लावताना एक धागा ओढला गेला नाही. तिनं दिवा सरकवला, मागं येऊन पाहिलं, परत बोटभर सरकवला. जमिनीवर सुगराबी झोपली.

"घडी घातली असती तर आज ती फाटली असती, मॅडम," समरा म्हणाली. "तुम्ही नाही घातली. ते मी विसरणार नाही. कुणाकडे तक्रारही करणार नाही." ती थांबली. "पण दिल्लीला तुम्ही येऊ नका."

अपेक्षानं मान डोलावली. हातमोजे काढत ती मागच्या दारानं बाहेर गेली. चन्नम्मांनी तिला अडवलं नाही.

दिल्लीच्या बाई पिकल्या केसांच्या, साध्या चपलांतल्या निघाल्या. चादरीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. जमिनीवरच्या उजेडावर आपली सावली पडतेय असं दिसताच चटकन बाजूला झाल्या.

"ये कौन सो रही हैं?" त्यांनी विचारलं.

"मैं," सुगराबी म्हणाली.

बाईंनी हात जोडले. "दिल्ली ले जाऊं आपको?"

"ले जाओ. पन अगली थंडी के पैले वापस भेजो. नई चादर टोचती मेरेकू."

समरानं ओढणीत तोंड लपवलं. चन्नम्मांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "आता रडू नको की गं," म्हणताना स्वतःच डोळे पुसले.

पुढं चालत बाई माझ्या तलावाच्या चित्रापाशी थांबल्या. मी झटकन पुढं गेलो, शर्ट नीट केला. त्यांनी मान वाकडी करून बोळात पाहिलं आणि विचारलं, "बाथरूम इधर ही है ना?"

परत येताना त्या पृथ्वीराजच्या नळ्यांत शिरल्या. त्यानं कोपऱ्यातली नळी परत जागेवर ठेवली होती आणि आता सगळं रान एकसारखं खटाखट वाजत होतं. बाई फिरल्या, थांबल्या, कान देऊन ऐकलं. त्याच कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छा. बस, ये एक कोना चुप होता ना..."

पृथ्वीराजनं माझ्याकडे पाहिलं. मी चन्नम्मांकडे पाहिलं. 

उघड्या दारातून गेट दिसत होतं. अपेक्षा तिथं रिक्षाची वाट बघत उभी होती, हातमोजे मुठीत घेऊन. त्या नळीत चोरीची चादर दडवून ती आमच्यासमोर धडधडीत खोटं बोलली होती, आणि खोटं बोलतानासुद्धा तिचा कान चुकला नव्हता. मला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता.

पृथ्वीराज खाली वाकला, नळी उचलली आणि स्पीकरची वायर काढून टाकली.